सतरा ते वीस : हरवलेल्या वर्षांचा हिशेब कोण देणार?

दि. ३० नोव्हेंबर २०२५ रोजी अहमदाबादेत भारताच्या सतरा वर्षांखालील फुटबॉल संघाने इराणला २-१ असे नमवले. विजयावाचून तरणोपाय नव्हता. बरोबरीचाही उपयोग नव्हता. त्यात पहिला गोल इराणने केला. अशा स्थितीत या कोवळ्या मुलांनी पिछाडी भरून काढली आणि २०२६ च्या आशियाई चषक स्पर्धेचे दार आपल्या बळावर उघडले. आशियातील एका बलाढ्य फुटबॉलराष्ट्राच्या मुलांना भारताच्या मुलांनी बरोबरीच्या नात्याने झुंज देऊन हरवले, ही निर्विवाद कौतुकाची गोष्ट होय.

परंतु त्याच महिन्यातील दुसरी तारीखही स्मरणात ठेवली पाहिजे. त्याआधी अवघे बारा दिवस, १८ नोव्हेंबरला, भारताचा वरिष्ठ संघ ढाक्यात बांगलादेशाकडून ०-१ असा पराभूत झाला होता. ऑक्टोबरमध्ये गोव्यातील फातोर्डा मैदानावर सिंगापूरने १-२ अशी मात दिल्याने २०२७ च्या आशियाई चषकाची वाट आधीच बंद झाली होती. मुले इराणला हरवतात आणि पुरुष बांगलादेशाकडून हरतात. मुले कर्तबगार आणि पुरुष नादान, असा याचा अर्थ लावणे सोपे आहे. पण तो अर्थ खोटा आहे. हे पुरुषही कधीकाळी अशीच कर्तबगार मुले होते. मग मधल्या काळात घडते तरी काय? भारतीय फुटबॉलच्या दुखण्याचे मूळ या एका प्रश्नात आहे आणि नेमका हाच प्रश्न विचारण्याचे आजवर कटाक्षाने टाळण्यात आले आहे.

विसरलेले यश

भारताला युवा फुटबॉलची परंपराच नाही, असे म्हणणाऱ्यांनी १९७४ साल आठवावे. त्या वर्षी बँकॉकमध्ये झालेल्या आशियाई युवा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात शब्बीर अलीच्या नेतृत्वाखाली भारताने इराणशी २-२ अशी बरोबरी साधली आणि दोन्ही देश संयुक्त विजेते ठरले. प्रशिक्षक होते अरुण घोष, १९६२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघातील खेळाडू. ज्याने स्वतः आशिया जिंकला होता त्याने पुढच्या पिढीला घडवले, असा हा सरळ वारसा होता. तो त्यानंतर खंडित झाला. आशियाई स्पर्धेत युवा वयोगटाचे विजेतेपद मिळवण्याचे भाग्य भारताला पुन्हा लाभले नाही.

या खंडित परंपरेची नोंदवही उघडली, तर एक विलक्षण विसंगती दिसते. सोळा-सतरा वर्षांखालील संघ आशियाई स्पर्धेच्या अंतिम फेरीत वरचेवर पोहोचतो. २०१६ मध्ये गोव्यात भारत यजमान होता. २०१८ मध्ये मलेशियात संघाने उपान्त्यपूर्व फेरी गाठली. २०२० च्या स्पर्धेसाठी तो पात्र ठरला, पण कोरोनाच्या साथीमुळे ती स्पर्धा रद्द झाली. २०२३ मध्ये थायलंडला संघ गेला आणि आता २०२६ ची पात्रताही मिळाली. उलट वीस वर्षांखालील संघाकडे पाहावे. २००६ मध्ये ही आशियाई स्पर्धा भारतातच, कोलकाता आणि बंगळुरूत झाली होती. त्यानंतर आजवर भारताचा हा संघ एकदाही आशियाई अंतिम फेरीत पोहोचलेला नाही!

म्हणजे सतराव्या वर्षी जो मुलगा आशियातील निवडक सोळा संघांत खेळण्यास लायक असतो, तोच विसाव्या वर्षी त्या पंक्तीतून उठवला जातो. त्याचे पाय तेच, देश तोच, जिद्दही तीच. बदलतात ती केवळ तीन वर्षे. त्या तीन वर्षांत इतर देशांची मुले सामने खेळत असतात आणि आपली मुले वाट पाहत असतात.

उत्सव झाला, उभारणी राहिली

२०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे यजमानपद भारताला मिळाले, तेव्हा देशात उत्साहाला उधाण आले होते. भारताचा संघ फिफाच्या विश्वचषकात प्रथमच उतरला, तो यजमान म्हणून. अमेरिकेने ०-३, कोलंबियाने १-२ आणि घानाने ०-४ असे हरवले. कोलंबियाविरुद्ध ८२ व्या मिनिटाला मणिपूरच्या जॅक्सन सिंगने कॉर्नरवर हेडरने गोल केला. विश्वचषकातील तो भारताचा पहिला गोल. जल्लोष विरण्यापूर्वीच कोलंबियाने दुसरा गोल केला, तरी त्या एका क्षणाने दिल्लीचे जवाहरलाल नेहरू स्टेडियम थरारून गेले होते, हे कोणी नाकारणार नाही. स्पर्धेला साडेतेरा लाखांच्या आसपास प्रेक्षक लाभले. हा या वयोगटाच्या विश्वचषकातील तोवरचा उच्चांक होता.

महाराष्ट्रातही त्या वर्षी १५ सप्टेंबरला दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम राज्य शासनाने साजरा केला. शाळाशाळांतून चेंडू वाटले गेले, छायाचित्रे निघाली. हेतू स्तुत्यच होता. पण सोळा सप्टेंबरला काय झाले? चेंडू मिळालेल्या किती शाळांकडे मैदान होते, किती शाळांना क्रीडाशिक्षक होता आणि त्या दहा लाखांतील किती मुले पुढच्या वर्षी एखाद्या स्पर्धेत उतरली, याचा हिशेब कोणी मांडला नाही. क्रीडासंमेलनांच्या व्यासपीठावर स्वामी विवेकानंदांच्या फुटबॉलविषयक वचनाची आठवण हटकून काढली जाते. मैदानाची मात्र कोणाला आठवण होत नाही. उत्सव हा उभारणीचा आरंभ असावा लागतो. आपल्याकडे उत्सव हीच उभारणीची इतिश्री ठरते.

तळाशी राहिलेल्या संघाने काय साधले?

तरीही २०१७ च्या त्या तुकडीच्या बाबतीत एक शहाणपणाचा निर्णय झाला होता. विश्वचषक संपताच त्या मुलांना ‘इंडियन ॲरोज’ या नावाने एकत्र ठेवून आय-लीगमध्ये उतरवण्यात आले. समोर परदेशी व्यावसायिक खेळाडूंनी भरलेले क्लब, आणि इकडे सतरा-अठरा वर्षांची पोरे. पहिल्या हंगामात संघ गुणतक्त्यात तळाशी राहिला. टीकाकारांनी नाके मुरडली. पण त्या तळाशी राहिलेल्या संघाने काय साधले? जॅक्सन सिंग, सुरेश सिंग, अन्वर अली, रहीम अली, लालेंगमाविया असे खेळाडू पुढे भारताच्या वरिष्ठ संघापर्यंत पोहोचले. पुरुषांशी झुंजत, हरत, ठेचकाळत ही मुले पुरुष झाली. ऑगस्ट २०१८ मध्ये भारताच्या वीस वर्षांखालील संघाने स्पेनमधील कोटिफ स्पर्धेत अर्जेंटिनाच्या युवा संघाला २-१ असे हरवले, तेही दहा खेळाडूंनिशी. अर्जेंटिनाच्या त्या संघाचे प्रशिक्षक होते लिओनेल स्कालोनी, ज्यांनी चारच वर्षांनी वरिष्ठ संघाला विश्वविजेतेपद मिळवून दिले.

इतके स्पष्ट फळ दिसत असताना महासंघाने २०२२ मध्ये इंडियन ॲरोज बंद केला. त्याआधीही २०१० मध्ये सुरू झालेला हाच प्रयोग २०१३ मध्ये गुंडाळला गेला होता. एकच रोप दोनदा लावायचे, दोन्ही वेळा मूळ धरू लागताच उपटायचे आणि नंतर जमिनीलाच नापीक म्हणायचे, हा कोणता न्याय? युवा खेळाडूंसाठी डेव्हलपमेंट लीग आहे ना, असे उत्तर दिले जाते. ती लीग आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. पण बहुतेक संघांच्या वाट्याला तीत वर्षाकाठी मोजकेच सामने येतात. वर्षभर स्वगृही आणि परगृही चालणाऱ्या, चढउताराची झळ बसवणाऱ्या स्पर्धेची जागा ती घेऊ शकत नाही.

ताश्कंदचा आरसा

सप्टेंबर २०१९ मध्ये ताश्कंदला भारताच्या सोळा वर्षांखालील मुलांनी उझबेकिस्तानशी १-१ अशी बरोबरी साधली आणि गटात पहिले स्थान पटकावले. २०२३ मध्ये सतरा वर्षांखालील आशियाई चषकात याच उझबेकिस्तानने भारताला हरवले, पण केवळ ०-१ असे. अर्थात कुमारवयात दोन्ही देशांतील अंतर एका गोलाचे. आता पुढचे पाहावे. उझबेकिस्तानने २०२१ मध्ये ‘ऑलिंपिक’ नावाचा तरुणांचा संघ उभारून त्याला देशाच्या लीगमध्ये उतरवले. २०२३ मध्ये त्यांनी वीस वर्षांखालील आशियाई चषक जिंकला, २०२४ मध्ये ते पॅरिस ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये खेळले आणि २०२५ मध्ये त्यांचा वरिष्ठ संघ इतिहासात प्रथमच विश्वचषकास पात्र ठरला. ज्या सुमारास त्यांनी आपल्या तरुणांचा संघ उभा केला, त्याच सुमारास आपण आपला संघ मोडीत काढला. जेमतेम चार कोटींच्या आत लोकसंख्या असलेल्या देशाला जे उमगते, ते एकशे चाळीस कोटींच्या देशाला उमगू नये?

सबबींचा समाचार

पहिली सबब क्रिकेटची. क्रिकेट सारे गिळून टाकते, असा कंठशोष चालतो. वास्तविक फुटबॉलने क्रिकेटकडून शिकायला हवे. एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या क्रिकेटपटूपुढे रणजी करंडकाचे मैदान उभे असते. २००८ चा विजेता कर्णधार विराट कोहली हा त्यापूर्वीच दिल्लीकडून रणजी सामने खेळलेला होता. क्रिकेटने मुलाला पुरुषांत नेऊन सोडण्याची वाट बांधली. फुटबॉलने ती बांधली नाही, यात क्रिकेटचा दोष कोणता?

दुसरी सबब रक्ताची आणि शरीरयष्टीची. आपली मुले अंगाने कमी पडतात म्हणून भारतीय वंशाचे परदेशस्थ खेळाडू आणावेत, अशी मागणी जोर धरते आहे. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या रायन विल्यम्सने २०२५ मध्ये भारतीय नागरिकत्व स्वीकारले. जो या मातीचे नाते स्मरून परततो त्याचे मनःपूर्वक स्वागत असावे. परंतु दोन-चार पाहुण्यांवर घर चालत नाही. दारातली विहीर बुजवून टँकरची वाट पाहणाऱ्याला कोणी दूरदर्शी म्हणत नाही. इराणला हरवणारी मुले कोठून आयात केली होती?

तिसरी गोष्ट सबब नव्हे, पाप आहे : वयचोरी. कुमारगटातील करंडकाच्या मोहापायी मोठ्या वयाची मुले उतरवायची, त्यांनी खऱ्या वयाच्या मुलांची जागा अडवायची आणि विसाव्या वर्षी दोघांनीही खेळ सोडायचा. फिफाने २००९ पासून सतरा वर्षांखालील विश्वचषकात मनगटाच्या एमआरआय तपासणीचा अवलंब केला. गल्लीतील स्पर्धांपासून जिल्हा संघटनांपर्यंत जेव्हा वयचोरीकडे कानाडोळा केला जातो, तेव्हा फसवणूक प्रतिस्पर्ध्याची नव्हे, राष्ट्राची होते.

आपल्या अंगणातले

या दुर्लक्षाची झळ महाराष्ट्रालाही लागली आहे. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींचे संघ उतरतात तेव्हा पेठाच्या पेठा लोटतात. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१७ च्या विश्वचषकात भारताकडून खेळला. परंतु एवढे फुटबॉलवेड असलेल्या राज्यातून भारताच्या युवा संघात जाणारी मुले हाताच्या बोटांवर मोजावी लागतात. त्या विश्वचषकासाठी निवडलेल्या एकवीस खेळाडूंपैकी आठ जण एकट्या मणिपूरचे होते. अल्प साधनांच्या, डोंगराळ सीमावर्ती राज्याने देशाला आठ खेळाडू द्यावेत आणि रोव्हर्स चषकाचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्राने आठवणींवर समाधान मानावे, ही शरमेची बाब आहे.

उपाय अज्ञात नाहीत. इंडियन ॲरोजसारखा संघ पुन्हा उभारावा आणि किमान दहा वर्षे त्याला हात लावू नये. लीगमधील प्रत्येक क्लबला वीस वर्षांखालील खेळाडूंना ठरावीक मिनिटे खेळवण्याचे बंधन घालावे. युवा लीग वर्षभर चालवावी. आणि आशियाई स्पर्धेतून परतणाऱ्या प्रत्येक तुकडीतील प्रत्येक मुलाचे पुढे काय झाले, याचा वार्षिक हिशेब महासंघाने देशापुढे मांडावा. २०१८ मध्ये उपान्त्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाकडून एकाच गोलाने हरून विश्वचषकाला मुकलेल्या मुलांपैकी आज कितीजण खेळताहेत, हे सांगण्याचे धैर्य आहे का कोणाकडे?

अहमदाबादेत इराणला नमवणाऱ्या मुलांच्या वाट्याला पुढे कोणताही निकाल येवो, त्यांनी आपले काम चोख केले आहे. ती आता सतरा ते वीस या वर्षांच्या उंबरठ्यावर उभी आहेत. त्यांना हार नकोत, सत्कार नकोत. दर आठवड्याला एक सामना हवा. तेवढा जो देश देऊ शकत नाही, त्याला पुढच्या पराभवानंतर अश्रू ढाळण्याचा अधिकार उरत नाही.