बंदर कुणाच्या हिताचे?

कोलाडच्या नाक्यावर घटकाभर उभे राहावे. महाडकडून येणाऱ्या मालमोटारींची रांग पाहिली की न्हावाशेव्याच्या बंदराची सावली किती दूरवर पडली आहे ते ध्यानी येते.

हे बंदर 26 मे 1989 रोजी सुरू झाले. त्याआधी, जानेवारी 1984 मध्ये, भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उठलेल्या उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला व पाच जणांचे प्राण गेले. साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व सरकारने मान्य केले ते या रक्तानंतर, आपणहून नव्हे. शेवा कोळीवाड्याच्या विस्थापितांचे तर पुनर्वसनाच्या वसाहतीत वाळवीने पोखरलेल्या घरांत आयुष्य गेले.

आज व्यवस्थापनशास्त्राने या सर्वांना 'हितसंबंधी' असे गोंडस नाव दिले आहे आणि बंदर 'शाश्वत' करण्याची भाषा चालू आहे. पण 2021 च्या महाबंदर प्राधिकरण कायद्याने मंडळावर रेल्वे, संरक्षण, सीमाशुल्क यांना जागा दिली, कर्मचाऱ्यांना दोन दिल्या. खाडी ज्याची बुजली त्या कोळ्यासाठी एकही राखली नाही. ज्याला मंडळात खुर्ची नाही, त्याच्या अपेक्षांची नोंद कोणत्या वहीत होणार?

कामगाराचा प्रश्न याहून बिकट आहे. देशातील पहिले खाजगी कंटेनर टर्मिनल 1999 मध्ये येथेच उभे राहिले, आणि 2022 मध्ये बंदराचे स्वतःचे टर्मिनलही खाजगी कंपनीच्या हाती देण्याचा करार झाला. कायम कामगाराच्या जागी कंत्राटी कामगार आला की नुसती मजुरी घटत नाही, त्याची जीभही बांधली जाते. क्रेनचा दोर झिजला आहे, तेल खाडीत गळते आहे, हे सर्वांआधी त्यालाच दिसते. मात्र उद्याचा पास मुकादमाच्या मर्जीवर असेल तर तो ते बोलून दाखवील कसा? विजेवर चालणारी यंत्रे आणून ही भीती हटत नाही. (पारितोषिके मात्र यंत्रांनाच मिळतात.)

डहाणूच्या प्राधिकरणाने 1998 मध्ये नाकारलेल्या वाढवण बंदराचे, मच्छीमारांचा विरोध कायम असताना, ऑगस्ट 2024 मध्ये भूमिपूजन झाले. तेथे न्हावाशेव्याची पुनरावृत्ती होऊ द्यायची नसेल, तर मंडळावर मच्छीमारांचे निवडून दिलेले प्रतिनिधी आणि सुरक्षा समितीत कंत्राटी कामगारांना मताचा अधिकार, या दोन मागण्या पहिला धक्का बांधून होण्यापूर्वीच लेखी पदरात पाडून घेतल्या पाहिजेत. रायगडच्या कार्यकर्त्यांनी आपला अनुभव घेऊन पालघरच्या साथींकडे जाण्याची वेळ हीच आहे.