मुरव्वत पुरे

श्याम बेनेगल 23 डिसेंबर 2024 रोजी गेले. त्यानंतर माझ्या वाचनात जे मृत्युलेख आले त्यांत 'मम्मो' होता, 'सरदारी बेगम' होती, 'जुबैदा' होती. 'मंथन' आणि 'भूमिका' तर असायलाच हवे होते. त्यांचा अखेरचा चित्रपट मात्र बहुतेकांनी एका ओळीत उरकला. 'मुजीब : द मेकिंग ऑफ अ नेशन' हा तो चित्रपट, 2023 च्या ऑक्टोबरात आलेला. आपल्यापैकी ज्यांनी तो पाहिला त्यांनी बाहेर येऊन घसा खाकरला आणि विषय बदलला. या घसा खाकरण्याविरुद्ध मला लिहायचे आहे.

कारण उघड आहे. बेनेगल आपले. आपल्या घरातल्या बायकांना पडद्यावर माणूस म्हणून आणणारा हा दिग्दर्शक. खालिद मोहंमद यांच्या लेखणीतून आलेले ते तीन चित्रपट आपण घरच्या आल्बमसारखे जपले आहेत. त्यात दिवस असे की 2022 साली 'द कश्मीर फाइल्स' येतो, 2023 साली 'द केरला स्टोरी' येतो आणि थिएटरातून बाहेर पडणाऱ्या गर्दीकडे पाहताना आपल्याला आपले नाव उच्चारायची चोरी होते. अशा वेळी जो एक माणूस आपल्या बाजूने उभा राहिला त्याच्या चित्रपटाला नावे ठेवायची? एका ज्येष्ठ स्नेह्यांनी मला हेच सुनावले. "दोस्ताच्या घरचं जेवण अळणी झालं तरी मीठ मागू नये," असे त्यांचे म्हणणे.

मला हे मान्य नाही. चित्रपट म्हणजे दावत नव्हे.

आधी 'मम्मो' आठवा. फरीदा जलालची मम्मो काही आदर्श मुसलमान स्त्री नाही. ती अखंड बडबडते, दुसऱ्याच्या घरात लुडबुड करते, बहिणीला आणि नातवाला हैराण करते. फाळणीनंतर लाहोरला गेलेली, नवरा मेल्यावर सासरच्यांनी बाहेर काढलेली ही बाई मुंबईत बहिणीच्या दारी येते आणि व्हिसाची मुदत संपली म्हणून पोलीस तिला गाडीत बसवून परत पाठवतात. पुढे ती पुन्हा येते, आणि तिला इथे राहता यावे म्हणून घरचेच तिला कागदोपत्री मृत ठरवतात. दोन सरकारांच्या कागदांमध्ये एका म्हातारीला जिवंत राहायला जागा नाही, एवढेच बेनेगलांनी सांगितले. भाषण एकही नाही. म्हणून तो चित्रपट आपल्याला लागला.

आता 'मुजीब'. भारत आणि बांगलादेश या दोन सरकारांनी मिळून काढलेला. इथेच काही जण म्हणतील की सरकारी पैसा आला तिथे दुसरे काय होणार. हा बचाव मला लंगडा वाटतो. 'मंथन' गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये काढून केला, तरी त्यात सहकाराची नुसती आरती नाही, गावातली जात आहे, हार आहे. 'भारत एक खोज' दूरदर्शनसाठी केली. 'द मेकिंग ऑफ द महात्मा' 1996 सालचा, फातिमा मीर यांच्या पुस्तकावरचा, दक्षिण आफ्रिकेच्या भागीदारीतला. त्यातले गांधी कस्तुरबांशी हट्टाने, प्रसंगी कठोरपणे वागतात आणि कॅमेरा तोंड फिरवत नाही. म्हणजे दुसऱ्याच्या पैशात ताठ मानेने काम करणे बेनेगलांना येत होते. 'मुजीब'मध्ये ते दिसत नाही. पटकथा अतुल तिवारी आणि शमा झैदी यांची, म्हणजे 'गर्म हवा'शी नाते सांगणारी लेखणीही सोबत होती.

1974 चा दुष्काळ, 1975 च्या सुरुवातीला आणलेली एकपक्षीय राजवट, त्याच जूनमध्ये चार सोडून बंद केलेली वर्तमानपत्रे. शेख मुजीब यांच्या आयुष्यातला हा सर्वांत अवघड भाग. ज्याने लोकांच्या मतासाठी तुरुंग भोगला त्याच्याच हातून लोकांचे तोंड का बंद व्हावे? इथे नाटक होते. चित्रपटाला मात्र 15 ऑगस्टच्या धानमंडीतल्या हत्याकांडाकडे जायची घाई आहे. ते पाहून डोळे भरतात, भरणारच, लहान मूलही तिथे मारले गेले. पण डोळे भरले म्हणजे चित्रपट उतरला असे होत नाही.

माझे खरे भांडण याहून जवळचे आहे. 21 फेब्रुवारी 1952 रोजी ढाक्यात पोरे गोळ्या खाऊन पडली ती कशासाठी? आम्ही मुसलमान आहोत आणि आमची भाषा बंगाली आहे, उर्दू आमच्यावर लादू नका, एवढ्यासाठी. मराठी मुसलमानाला याहून आपला विषय कुठला? "तुम्ही मराठी इतकं छान कसं बोलता?" हा प्रश्न इथल्या शेजाऱ्याने विचारायचा आणि "घरात उर्दू का बोलत नाही?" हा आपल्याच बुजुर्गांनी. या दुहेरी कात्रीतून एक अख्खा देश जन्माला आला, ती गोष्ट आपल्या लाडक्या दिग्दर्शकाच्या हाती होती. चित्रपटात हा भाग येतो आणि जातो. घोषणा आहेत, पण घरात आईशी ज्या भाषेत बोलतो ती हिरावली जाण्याचे दुःख नाही. त्यातून भारतात तो हिंदीत डब करूनही दाखवला. भाषेसाठी मेलेल्यांची कथा आपल्यापैकी अनेकांनी उसन्या भाषेत पाहिली!

स्नेह्यांच्या त्या मिठाच्या मुद्द्याला आणखी एक उत्तर आहे. आपण मित्राच्या चित्रपटातला पोस्टरछाप नायक चालवून घेतला, तर उद्या कुणी पोस्टरछाप खलनायक उभा केल्यावर कोणत्या तोंडाने तक्रार करणार? माणूस सपाट केला ही तक्रार दोन्हीकडे सारखीच असायला हवी. मुसलमान 'चांगला' दाखवला की टाळी आणि 'वाईट' दाखवला की निषेध, ही आपली समीक्षा हजेरीपटासारखी झाली आहे.

आणि गंमत पाहा. याच बेनेगलांनी 2010 साली, वयाची पंच्याहत्तरी उलटल्यावर, 'वेल डन अब्बा' केला. अर्मान अली विहिरीसाठी दारिद्र्यरेषेखालचा खोटा दाखला काढतो, विहीर कागदावर खणली जाते, पैसे वाटेत मुरतात, आणि शेवटी तो आपली विहीर चोरीला गेल्याची फिर्याद घेऊन पोलिसांत जातो. त्याचा जुळा भाऊ तर भुरटा चोर, दोघेही बोमन इराणी. सिकंदराबादेत वाढलेल्या बेनेगलांच्या कानात ती दखनी मुरलेली होती. मराठवाड्यातल्या आपल्या लोकांना ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. ना कुणी शहीद, ना कुणी देशभक्तीचा दाखला घेऊन फिरणारा. जीलानी बानो यांच्या कथेचा धागा त्यात आहे. या चित्रपटावर आपल्या अंकांतून किती लिहून आले? माझ्या पाहण्यात तरी एकही लेख नाही. त्यात मुसलमान म्हणून मिरवण्यासारखे काही सापडले नाही म्हणून असेल.

मरहूम माणसाविषयी असे बोलू नये, असेही मला सांगितले गेले. बेनेगल हयात असते तरी हेच लिहिले असते. चित्रपट आला तेव्हाच लिहायला हवे होते, तो कसूर माझाही. मुजीबांचे धानमंडीचे घर 5 ऑगस्ट 2024 रोजी जाळले गेले, 2025 च्या फेब्रुवारीत पाडले गेले. ज्या जमावाने ते केले त्याचा राग कुठून आला, हे त्या घरावरच्या चित्रपटात शोधायला मी पुन्हा बसलो होतो. सापडले नाही.