गड आधीं कीं गादी आधीं?

हल्लीं सुशिक्षित मंडळींमध्यें किल्ला पाहावयास जाण्याची जी एक नवी तऱ्हा निघाली आहे, तिच्याविषयीं चार स्पष्ट शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. पूर्वीं माणूस गडाचें नांव घेऊन घराबाहेर पडे आणि रात्रीं देवळाच्या ओवरींत, शाळेच्या पडवींत किंवा एखाद्या गांवकऱ्याच्या सोप्यांत पथारी पसरी. आतां प्रथम हॉटेल ठरतें, आणि त्याच्या खिडकींतून कोणता गड दिसतो याची चौकशी मागाहून होते. खोलीला सज्जा आहे काय, पोहावयाचा तलाव आहे काय, सूर्यास्त बिछान्यावरून दिसतो काय, हे प्रश्न विचारून झाल्यावर वेळ उरलाच तर गड कोणीं बांधला हा प्रश्न येतो. आणि बहुधा वेळ उरत नाहीं.

पुण्या-बंगळूरच्या महामार्गानें येणारा प्रवासी कोल्हापुरांत शिरतो तो उचगांवाजवळच्या चौकांतून. या चौकाला सारा जिल्हा 'तावडे हॉटेल' म्हणून ओळखतो. वाटसरूला चहा-फराळ देणाऱ्या जागेनें वाटेवर आपलें नांव मिळवावें, हें रास्तच आहे; त्यांत आम्हांस कांहीं वावगें दिसत नाहीं. पण तेथून पंचवीसएक किलोमीटरांवर पन्हाळा आहे, आणि हॉटेलाच्या नांवानें ओळखलें जाण्याची पाळी उद्यां त्या गडावर येऊं नये, एवढ्यासाठीं हा लेखप्रपंच.

पन्हाळा हें नुसतें थंड हवेचें ठिकाण नव्हे. शिलाहार राजा दुसरा भोज यानें बाराव्या शतकाच्या अखेरीस हा गड उभारला. पुढें यादव, बहामनी व विजापूरची आदिलशाही यांच्या हातून तो फिरला. १६५९ च्या नोव्हेंबरांत, अफझलखानाच्या वधानंतर थोड्याच दिवसांत, शिवाजीमहाराजांनीं तो घेतला. १६६० सालीं सिद्दी जोहराचा वेढा कित्येक महिने गडाभोंवतीं आवळलेला होता. जुलैच्या भर पावसांत महाराज निसटले, आणि त्या रात्रीची किंमत शिवा काशीद व बाजीप्रभु यांनीं प्राण देऊन चुकविली. मग गड हातचा गेला, तो १६७३ सालीं कोंडाजी फर्जंदानें मूठभर माणसांनिशीं परत जिंकला. १६८० सालीं महाराज निवर्तले तेव्हां संभाजीमहाराज याच गडावर होते. आणि १७८२ पर्यंत करवीर राज्याचें मुख्य ठाणें येथेंच होतें. इतक्या शतकांत गडाच्या तटावर ज्यांनीं रात्री काढल्या, ते निजण्यासाठीं तेथें गेले नव्हते. जागण्यासाठीं गेले होते.

आमच्या इंग्रजी शिकलेल्या बांधवांचें यावर उत्तर ठरलेलें आहे. ते म्हणतात, युरोपकडे पाहा. स्पेनांत १९२८ पासून सरकार 'पारादोर' नांवाचीं विश्रांतिगृहें चालवितें, आणि त्यांपैकीं कित्येक जुन्या किल्ल्यांत व मठांत आहेत. इतकें दूर कशाला, राजस्थानांत निमराण्याचा पंधराव्या शतकांतला गड पडीक झाला होता, तो दुरुस्त होऊन १९९१ पासून हॉटेल म्हणून चालतो. मग आमच्याच गडांनीं काय पाप केलें?

दृष्टान्त खरे आहेत, पण ते येथें लागू नाहींत. तिकडचा पुष्कळसा किल्ला म्हणजे सरदाराचें राहतें घर. त्यांत दिवाणखाने होते, मुदपाकखाने होते, शयनगृहें होतीं. त्यांत आज पाहुणा उतरला तर वास्तूचा धर्म फारसा बदलत नाहीं. आमच्या कोल्हापुरांत रंकाळ्याच्या कांठीं १९३० नंतरच्या दशकांत राजघराण्यासाठीं बांधलेला शालिनी पॅलेस १९८७ सालीं हॉटेल झाला, त्याला आमचा कांहीं आक्षेप नाहीं. शयनगृहाचें शयनगृहच झालें. पण सह्याद्रीच्या गडावर छपराखालीं उरलें आहे काय? धान्याचीं कोठारें, दारूचें कोठार, एखादें देऊळ, एखादी पाण्याची बाव. पन्हाळ्याची श्रीमंती पाहावयाची तर ती गंगा, यमुना व सरस्वती या तीन कोठारांत पाहावी. अशा वास्तूंत हॉटेल करावयाचें तर मोडल्यावांचून होत नाहीं, आणि त्यांच्या शेजारीं नवें उभारावयाचें तर त्यांना झांकल्यावांचून होत नाहीं.

सप्टेंबर २०१९ मध्यें राज्यांतील पंचवीस किल्ले हॉटेलांसाठीं व लग्नसमारंभांसाठीं खाजगी मंडळींस भाडेपट्ट्यानें देण्याचा बेत प्रसिद्ध झाला, तेव्हां महाराष्ट्रभर संताप उसळला. त्यावर सरकारकडून खुलासा झाला कीं, शिवाजीमहाराजांशीं संबंध असलेल्या किल्ल्यांस हात लागणार नाहीं. हा विचार दुसऱ्या वर्गांतल्या किल्ल्यांपुरता आहे. या खुलाशानें पुष्कळांचें समाधान झालें. आमचें झालें नाहीं. गडांचे असे दोन वर्ग पाडणें हेंच आम्हांस मूळ प्रस्तावाइतकें घातक वाटतें. भोजराजानें बांधलेला पन्हाळा महाराजांच्या हातीं आला म्हणून पवित्र ठरला. मग त्याच्या शेजारचा, त्याच पाथरवटांच्या जातभाईंनीं घडविलेला, एखादा अनामिक गड केवळ महाराजांचे पाय लागल्याची नोंद नाहीं म्हणून मांडवाला द्यावयाचा काय? इतिहासांत ज्याचें नांव आलें नाहीं तो इतिहासच नव्हे, असें म्हणणारा समाज आपल्या अज्ञानाला पुरावा समजतो. आणि लग्नाविषयीं बोलावयाचें तर, मुलाचें लग्न मागें ठेवून गड घ्यावयास निघालेल्या तानाजीची कथा ज्या मुलुखांत घरोघर सांगतात, त्या मुलुखांत लग्नासाठीं गड मागावा, यापेक्षां अधिक टीका आम्ही काय करावी!

दुसरा आक्षेप पोटाचा आहे, आणि तो आम्ही हलका मानीत नाहीं. हॉटेल आलें म्हणजे गांवच्या पोरांस काम मिळतें, हें खरें. पण तें काम मिळण्यासाठीं हॉटेल तटाच्या आंतच असावें लागतें असें थोडेंच आहे? पायथ्याच्या गांवांत, वाटेवरच्या वाडींत, कोल्हापूर शहरांत, फार काय उचगांवच्या हमरस्त्यावर हॉटेल असलें, तरी भाजी तीच लागते, दूध तेंच लागतें, वाढपी व वाटाड्ये तेच लागतात. फरक एवढाच कीं, पैसा चार गांवांत वाटला जातो आणि बोजा एका माथ्यावर पडत नाहीं. हा बोजा काल्पनिक नव्हे. जुलै २०२१ च्या अतिवृष्टींत गडावर जाणारा मुख्य रस्ता खचला व वाहनांची वाट बंद पडली. खचण्याचें कारण पाऊस असेल. पण ज्या डोंगराची माती पावसांत अशी सुटते, त्या डोंगराच्या डोक्यावर आणखी किती काँक्रीट व किती मोटारी चढवावयाच्या, हा विचार माणसानेंच करावयाचा आहे. ज्या बाजूनें आपल्या मोटारी आज सुखानें आंत शिरतात, तेथें पूर्वीं चार दरवाजा उभा होता. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनीं तो पाडला. आपली ही सोय म्हणजे परक्याच्या सूडाची देणगी आहे, इतकें तरी गाडीत बसल्या बसल्या आठवावें.

येथें कोणी आम्हांस विचारील कीं, मग गडावरची वस्तीही उठवावी काय? मुळींच नाहीं. गडावर नगरपरिषद आहे, तीन हजारांच्या आसपास माणसें पिढ्यान् पिढ्या राहतात. तीं गडाचीं पाहुणीं नव्हत, वारस आहेत. जुलै २०२५ मध्यें पन्हाळ्यासह बारा मराठा किल्ले जागतिक वारशाच्या यादींत आले, याचा आम्हांस आनंद आहे. पण त्या मानाचें ओझें या माणसांवर लादलें जाऊं नये. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यांत २०१० सालीं दुरुस्ती झाली, तेव्हांपासून संरक्षित वास्तूभोंवतींच्या शंभर मीटरांत नव्या बांधकामास बंदी आहे, आणि जुन्या घराची दुरुस्ती करावयाची तरी परवानगी घ्यावी लागते. हा नियम आम्ही मान्य करतों. मात्र रहिवाशाच्या भिंतीला जो गज लावावयाचा, तोच हॉटेलाच्या गच्चीला लावला जावा. राहणारा आणि कमावणारा यांत निवड करण्याची वेळ आली, तर गडानें राहणाराच्या बाजूनें उभें राहावें.

रामचंद्रपंत अमात्यांची समाधि पन्हाळ्यावरच आहे. त्यांच्या आज्ञापत्रांत दुर्गांविषयीं स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यांत गड बांधण्यापूर्वीं पाण्याची पाहणी करावी असें बजावलें आहे. गड बांधणाराचा पहिला प्रश्न पाण्याचा होता. गडावर उतरणाराचाही पाण्याचाच आहे, पण तो पोहण्याच्या. वेढ्यांत अडकलेल्या फौजेला ज्या तळ्यांनीं व अंधार बावेनें जगविलें, त्या माथ्यावर स्नानाच्या कुंडांसाठीं खालून पाणी चढवावें, ही चैन नव्हे, बेपर्वाई आहे.

सुखाचा आम्हांस द्वेष नाहीं. म्हाताऱ्या माणसास चांगला बिछाना हवा, मुलाबाळांस स्वच्छ न्हाणीघर हवें, आणि ज्याच्याजवळ पैसा आहे त्यानें तो खुशाल खर्चावा. आमचें मागणें इतकेंच कीं, उतरण्याची जागा निवडतांना तीन गोष्टी विचाराव्या. ती तटाच्या बाहेर आहे काय? तिचें पाणी कोठून येतें व सांडपाणी कोठें जातें? आणि तेथें राबणारी माणसें आसपासच्या गांवांतलीं आहेत काय? या तिन्हींचीं उत्तरें समाधानकारक मिळालीं, तर तेथें अवश्य उतरावें, पोटभर जेवावें, आणि पहाटे उठून तीन दरवाजाच्या वाटेनें पायीं गडावर जावें. संध्याकाळीं खालीं उतरावें. रात्रीं गड ज्यांचा आहे त्यांच्याकडे असावा.