‘ऑरा’ म्हणजे प्रभावळ नव्हे

अलीकडे ‘ऑरा’ हा शब्द आमच्या कानांवर फार येऊ लागला आहे. पुढाऱ्याला ऑरा असतो, नटाला असतो, प्रवचनकारालाही असतो. शाळकरी मुले तर एकमेकांच्या ऑराला गुण देतात आणि कापतातही. तेवढ्याने काही बिघडत नाही. परंतु संतांच्या चित्रांतील डोक्यामागच्या सोनेरी वर्तुळाकडे बोट दाखवून ‘हाच तो ऑरा’ असे आपल्याच धर्मग्रामांतील सुशिक्षित माणसे सांगू लागतात, तेव्हा गप्प बसणे आम्हांला उचित वाटत नाही.

हा मूळ ग्रीक शब्द. त्याचा अर्थ मंद वारा, झुळूक. लॅटिनने तो तसाच उचलला. संत जेरोमच्या लॅटिन बायबलात एदेन बागेत दिवस कलल्यावर सुटलेल्या वाऱ्यासाठी तो येतो. होरेब डोंगरावर एलियाला वादळ, भूकंप आणि अग्नी यांच्यामागून जी हळुवार चाहूल लागली, तिच्या वर्णनातही तो येतो. तेजाचा तेथे संबंधच नाही. उलट अग्नी येऊन गेला आणि परमेश्वर त्यात नव्हता!

‘ऑरिओल’ या शब्दाशी असलेल्या नादसाम्याने घोटाळ्यात भर टाकली असावी. तो सोन्याच्या लॅटिन नावावरून आला आहे, झुळुकेवरून नव्हे. ‘निंबस’ म्हणजे ढग. आणि ‘हेलो’? ग्रीक भाषेत धान्य मळण्याचे गोल खळे, आणि त्यावरून सूर्यचंद्राभोवतीचे कडे. गंमत अशी की आपल्या मराठीनेही हाच प्रवास केला आहे. भात झोडलेल्या माणसाला खळे म्हणजे काय ते सांगावे लागत नाही, आणि चंद्राला खळे पडले की पावसाची चर्चा सुरू होते. घरात खळे, प्रभावळ, तेजोवलय असे शब्द असताना झुळुकेला प्रकाशाचे कपडे चढवण्याची ही कसली हौस?

माणसाभोवतीचा रंगीत ऑरा थिऑसॉफीच्या ग्रंथांनी रूढ केला. लेडबीटर यांनी १९०२ साली त्याची रंगीत चित्रेच प्रसिद्ध केली. १९११ साली किलनर या लंडनच्या डॉक्टरांनी विशिष्ट रंगीत काचांतून तो दिसतो असा दावा केला. विज्ञानाने तो स्वीकारला नाही. आता ऑराची छायाचित्रे पैसे घेऊन काढून मिळतात. हाताखालच्या पट्ट्यांवरून मिळालेल्या विद्युत संकेतांना यंत्र रंग देते, एवढेच त्यातील गूढ.

ख्रिस्ती चित्रकारांनी मात्र प्रभावळ कधी कोणाच्या अंगातून निघणारी वाफ मानली नाही. रोममधील सांता प्रासेदे चर्चमधील नवव्या शतकातील मोझेइकमध्ये पोप पास्कल पहिले यांच्या मस्तकामागे चौकोन आहे, कारण ते तेव्हा हयात होते. गोल प्रभावळ संतांसाठी! आणि सीनाय डोंगरावरून उतरणाऱ्या मोशेचा चेहरा तेजाळला होता, पण हे त्याचे त्याला ठाऊकही नव्हते. तो छायाचित्र काढून घ्यायला गेला नाही.

शब्दांचे अर्थ बदलतात, असे कोणी म्हणेल. बदलतात, हे मान्य. पण या शब्दाचा एक अर्थ आजही रुग्णालयात जिवंत आहे आणि गोंधळ तेथे महाग पडतो. झटका येण्यापूर्वी अंगातून थंड झुळूक वर चढते, असे एका रुग्णाने सांगितल्याचे गेलन या प्राचीन वैद्याने नोंदवले. तेव्हापासून फेफऱ्याच्या पूर्वखुणेला ऑरा म्हणतात. पोटातून काही वर येणे, नसलेला वास येणे, अकारण भीती दाटणे, ही तिची रूपे. ती पूर्वखूण म्हणजे मेंदूच्या एका भागात सुरू झालेला लहानसा झटकाच असतो, हे आज वैद्यकाला माहीत आहे. अर्धशिशीतही काहींना डोकेदुखीआधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा दिसतात, तोही ऑराच.

आता ज्या घरात ऑरा म्हणजे पावित्र्याचे तेज अशी समजूत आहे, तेथील मुलाला ‘ऑरा येतो’ असे डॉक्टरांनी सांगितले तर त्याच्या आईने काय समजावे? कोणी त्याला दर्शन म्हणेल, कोणी बाधा. आणि गोळ्या मागे पडतील. म्हणून डॉक्टरांनी ‘झटक्याआधी काही जाणवते का?’ असे साध्या मराठीत विचारावे आणि कागदावर ‘पूर्वसूचना’ असे लिहावे. आणि आमच्या प्रवचनकारांनी संतांच्या चित्रापुढे उभे राहिल्यावर प्रभावळीला प्रभावळच म्हणावे.