मालेगावच्या पत्र्यांवरचे ऊन

मालेगावात विजेचा विषय निघाला की चर्चा दर, थकबाकी आणि सवलतीपाशीच थांबते. माग थांबले तर शहर थांबते, त्यामुळे हे स्वाभाविक आहे. पण ज्या पत्र्यांखाली हे माग चालतात, त्यांच्यावर पडणाऱ्या उन्हाचा हिशोब फारसा कुणी मांडत नाही. तो मांडून पाहू.

एक किलोवॉट सौर पॅनलला सुमारे 100 चौरस फूट जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण 4 युनिट वीज मिळते. साध्या मागाची मोटर एक अश्वशक्तीची, म्हणजे पाऊण किलोवॉटची धरली, तर 24 मागांचे 18 किलोवॉट होतात. तेवढेच पॅनल बसवले तर रोज 72 युनिट मिळतील. बारा तासांच्या पाळीला पूर्ण भाराने 216 युनिट लागतात. म्हणजे दिवसपाळीच्या विजेचा एक तृतीयांश भाग छतावरून येऊ शकतो. रात्रपाळी ग्रीडवरच चालेल, हे मान्य करूनच पुढे बोलायला हवे. जुम्म्याला माग बंद असले तरी पॅनल सुरूच असतात. नेट मीटरिंग असेल तर ते युनिट ग्रीडमध्ये जमा होऊन बिलातून वजा होतात.

मग अडते कुठे? फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेली पीएम सूर्यघर योजना 3 किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान देते, पण ती फक्त घरांसाठी आहे. कारखान्याला तिचा उपयोग नाही. दुसरीकडे, यंत्रमागांना सरकार वीजदरात सवलत देते. ती आवश्यकच आहे, पण दरवर्षी खर्च होऊन संपते आणि कारखानदार पुन्हा सरकारच्या दारात उभा राहतो. या सवलतीला हात न लावता, लहान कारखानदाराला पॅनलसाठी एकदाच भांडवली मदत द्यावी, ही आपली मागणी असली पाहिजे. पंचवीस वर्षे टिकणाऱ्या वस्तूवर केलेला खर्च सरकारलाही परवडणारा आहे.

काही कामे मात्र आपलीच आहेत. भाड्याच्या शेडमध्ये मजुरीवर कापड विणणारा कारखानदार दुसऱ्याच्या छतावर पैसे घालणार नाही; त्यासाठी शेडमालक आणि भाडेकरू यांच्यात लेखी करार हवा. व्याजाच्या कर्जापासून दूर राहणाऱ्यांसाठी बिनव्याजी पतसंस्थांनी पुढे यावे. जुने पत्रे आणि कैच्या पॅनलचे वजन पेलतील का, हे आधी अभियंत्याकडून तपासून घ्यावे. धूळ आणि रुई बसली की उत्पादन घटते, म्हणून नियमित धुलाईही हवी.

सुरुवात मशिदी, मदरसे आणि शाळांच्या पक्क्या छतांपासून करता येईल. तिथला बराचसा वापर दिवसाच होतो. दर महिन्याचे बिल आणि तयार झालेले युनिट दारावरच्या फलकावर लिहावेत. शेजारचा कारखानदार ते आकडे वाचेल आणि आपल्या छताचा हिशोब स्वतःच करेल.