आजन्म फुकट

"असू दे, लागेल कधीतरी," हे आपल्या मध्यमवर्गाचे ब्रीदवाक्य आहे. त्याच्या जोरावर आमच्या घरात कुकरच्या सात जुन्या रिंगा, बंद पडलेली तीन घड्याळे आणि काडी मोडलेली एक छत्री सुखाने नांदत आहेत. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. छत्री दरवर्षी फी मागत नाही. माझे भांडण आहे ते श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात पडून असलेल्या क्रेडिट कार्डांशी.

एकूण कार्डे चार. पहिले, नोकरीत असताना, पगाराच्या बँकेचे. दुसरे मॉलच्या दारात टाय लावून घामाघूम झालेल्या एका पोराची दया आली म्हणून घेतले. तिसऱ्याबरोबर प्रवासी बॅग फुकट होती. (तिची चेन कसारा घाटातच तुटली.) चौथे कशासाठी घेतले, ते देव जाणे. देणारे सगळेच म्हणाले होते, "सर, लाइफटाइम फ्री!" कोणाची लाइफटाइम, हे विचारायचे राहून गेले. पुढे एका कार्डाने फीचे ५०० आणि वर जीएसटीचे ९० असे ५९० रुपये लावले, तेव्हा त्या लाइफटाइमचा अंत झाल्याचे कळले.

पहिले ठेवून बाकीची बंद करतो म्हटल्यावर भाचा धावत आला. "मामा, वेडेपणा करू नका. सिबिल स्कोअर पडेल!" पाय घसरून मामाच पडणार असल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. त्याचे गणित असे : चार कार्डांची मिळून मर्यादा चार लाख, माझा खर्च महिना वीस हजार, म्हणजे पाच टक्के. बँकेच्या लेखी मी संयमी गृहस्थ. तीन कार्डे गेली की मर्यादा एक लाख, आणि तेच वीस हजार होणार वीस टक्के. म्हणजे एक रुपयाही जास्त न खर्चता मी हावरट! तरीसुद्धा जाणकार सांगतात त्या तीस टक्क्यांच्या आतच आहे की नाही?

भाच्याचे त्याच्यापुरते खरे आहे. त्याला पुढल्या वर्षी फ्लॅटसाठी कर्ज काढायचे आहे. त्याने आत्ता कार्डांना हात लावू नये. पण मी अडुसष्ट वर्षांचा. मला वीस वर्षांचे कर्ज देणारी बँक माझ्यापेक्षा आशावादी म्हणायची! माझा स्कोअर ९०० पैकी ८१२ आहे. मॅट्रिकला बावन्न टक्के मिळवलेल्या माणसाला एवढे मार्क सोडवत नाहीत, हे कबूल. पण ते ठेवून करू काय? मृत्युपत्रात लिहू?

हसू नका. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका गेले, तेव्हा त्यांच्या कपाटात अशीच न वापरलेली कार्डे निघाली. त्यातल्या एकाची फी थकली होती. मग फीवर दंड आणि दंडावर व्याज. काकू बिचाऱ्या दहावे-तेरावे उरकून बसल्या, तर फोन : "सरांना द्या ना." काकू म्हणाल्या, "ते नाहीत." पलीकडून विचारणा, "मग कधी येतील?" असे तीनदा झाले. त्या दुपारी काकू हातात फोन घेऊन आमच्याकडे आल्या आणि काही न बोलता बसून राहिल्या. माझ्या मागे आमच्या हिला असा प्रश्न कोणी विचारायला नको. आता सांगा, त्या ८१२ चे मोल किती?

मी फोन फिरवला. (फिरवला म्हणायचे, बोट दाबून दाबून दुखले.) वीस मिनिटे सनई ऐकल्यावर एक गोड आवाज म्हणाला, "सर, तुमचे ४१२ पॉइंट्स वाया जातील." त्यांचे १०३ रुपये होत होते. आवाजाला रडू कोसळायच्या आत मी रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम काढले : येणे बाकी नसेल तर अर्ज केल्यापासून कामाच्या सात दिवसांत कार्ड बंद, नाहीतर पुढल्या दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला. वर्षभर न वापरलेले कार्ड बँकेने आपणहून, ग्राहकाला कळवून, बंद करायला घ्यावे असेही त्यात आहे. माझ्या कार्डांना ते कोणी वाचून दाखवले नसावे. आवाज एकदम मराठीत आला. "करतो काका." मी मात्र बंद झाल्याचे लेखी घेतल्याशिवाय सोडले नाही. आणि हिने दुधाच्या पिशवीच्या कात्रीने तिन्ही कार्डे कापून डबा घासायला टाकला.

दोन महिन्यांनी भाचा आला, तो सुतकी चेहऱ्यानेच. "मामी, स्कोअर पडला. ७९७."

"कितीपैकी रे?"

"नऊशे."

"अहो," ही आतून म्हणाली, "मॅट्रिकला किती होते म्हणालात?"