आईवडिलांचा विमा आणि कंपनीचा वाटा

चाकण-तळेगाव पट्ट्यातल्या कारखान्यात महिना २०,८०० रुपये मिळवणाऱ्या ऑपरेटरचा पगार २१,६०० झाला, तर घरात आनंदच होतो. पण त्याच वाढीमुळे ते कुटुंब ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेच्या बाहेर पडते. या योजनेची वेतनमर्यादा जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपयांवर थांबलेली आहे. चालू अंशदान कालावधी संपला की पगारातली कपात थांबते आणि त्यानंतर काही महिन्यांनी उपचारांचा हक्कही संपतो. ईएसआयच्या दवाखान्यातल्या रांगांबद्दल कामगारांच्या तक्रारी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. तरीही पगाराच्या पाऊण टक्का कपातीत, म्हणजे दरमहा दीडशे रुपयांच्या आसपास, त्या कार्डावर बायको-मुलांबरोबर अवलंबून असलेले आईवडीलही येतात आणि उपचारांच्या खर्चाला वरची मर्यादा नसते.

त्यानंतर लागू होतो तो कंपनीचा मेडिक्लेम. त्यात बहुधा कर्मचारी, पती किंवा पत्नी आणि दोन मुले असतात आणि सगळ्यांना मिळून तीन किंवा पाच लाखांचे संरक्षण असते. आईवडील त्यात नसतात. घरात दवाखान्याची गरज सर्वांत जास्त ज्यांना आहे, नेमके तेच वगळले जातात. ही फट बुजवण्यासाठी कंपन्या ऐच्छिक पूरक विमा देऊ लागल्या आहेत. मूळ पॉलिसीचा हप्ता कंपनी भरते, त्यावरचे जादा संरक्षण कर्मचाऱ्याने हवे तर घ्यायचे आणि त्याचा हप्ता पगारातून कापला जातो. सोय चांगली आहे आणि ती वाढायला हवी. मात्र ‘हवे तर घ्या’ म्हणून कंपनीने अंग काढून घेतले की ही सोय दोन-तीन वर्षांत मोडते.

आईवडिलांचा विमा ऐच्छिक ठेवला की सर्वांत आधी नाव नोंदवतो तो कर्मचारी, ज्याच्या वडिलांची अँजिओप्लास्टी डॉक्टरांनी आधीच सांगितलेली आहे. त्याचे काही चुकत नाही, विमा त्याच्याचसाठी आहे. ज्याचे आईवडील गावी धडधाकट आहेत, शेतात राबत आहेत, तो म्हणतो, पुढच्या वर्षी बघू. समजा, शंभर जणांनी प्रत्येकी २०,००० रुपये भरले. जमा झाले २० लाख आणि दावे आले ३० लाखांचे. पुढच्या वर्षी विमा कंपनी हप्ता ३०,००० मागते. तो ऐकून ज्यांना वर्षभरात दवाखाना लागला नाही असे चाळीस जण नाव काढून घेतात. उरलेल्या साठ जणांचे दावे २७ लाखांचे असतील, तर तिसऱ्या वर्षी हप्ता जातो ४५,००० वर. आकडे उदाहरणासाठी घेतले असले तरी घसरण अशीच होते. शेवटी योजना बंद पडते आणि तेव्हा यादीत उरलेल्या आईवडिलांना वयामुळे, मधुमेह-रक्तदाबामुळे बाहेर नवी पॉलिसी सहज मिळत नाही.

समूह विम्याची खरी ताकद स्वस्ताईपेक्षा जमावात आहे. निरोगी आणि आजारी एकाच यादीत राहतात, म्हणून तर विमा कंपनी आधीपासूनच्या आजारांनाही पहिल्या दिवसापासून संरक्षण द्यायला तयार होते. वैयक्तिक पॉलिसीत अशा आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. हा जमाव टिकवणे कर्मचाऱ्याच्या हातात नसते, मालकाच्या असते. त्यासाठी कंपनीने आईवडिलांच्या हप्त्यातला काही वाटा, निम्मा नाही तर चौथा हिस्सा तरी, स्वतः उचलायला हवा. निरोगी आईवडिलांच्या मुलालाही मग नाव नोंदवावेसे वाटते. नोंदणी रुजू होताना किंवा वर्षातून एकदाच व्हावी आणि मध्येच बाहेर पडलेल्याला काही वर्षे परत येता येऊ नये, अशी अटही असावी. ती कडक वाटते, पण तिच्याशिवाय यादी टिकत नाही. बिलाचा दहा-वीस टक्के भाग कुटुंबाने भरायचा, ही अट विमा कंपन्या आईवडिलांच्या बाबतीत सर्रास घालतात. हप्ता आटोक्यात ठेवायला ती उपयोगी आहे, मात्र ती नाव नोंदवतानाच कळली पाहिजे. डिस्चार्जच्या काउंटरवर पहिल्यांदा ऐकायची ही गोष्ट नव्हे.

पुढचा पर्याय टॉप-अपचा. एकसारख्या वाटणाऱ्या दोन वस्तूंमध्ये इथे लाखोंचा फरक पडतो. समजा, कंपनीची मूळ पॉलिसी तीन लाखांची आहे आणि कर्मचाऱ्याने तीन लाखांच्या पुढे सुरू होणारा दहा लाखांचा टॉप-अप घेतला. एकाच वेळी सात लाखांचे बिल आले, तर मूळ पॉलिसी तीन आणि टॉप-अप चार लाख देते, काही अडत नाही. पण त्याच वर्षी आधी पत्नीच्या शस्त्रक्रियेचे अडीच लाख आणि चार महिन्यांनी मुलाच्या अपघाताचे अडीच लाख असा खर्च झाला तर? साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळे पाहतो. एकही बिल तीन लाखांच्या वर गेलेले नसते, म्हणून तो एक रुपयाही देत नाही आणि दोन लाख घरातून जातात. सुपर टॉप-अप वर्षभराची बिले एकत्र धरतो आणि ते दोन लाख भरतो. कर्मचाऱ्यांना साधा टॉप-अप देऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खोलीभाड्याच्या मर्यादेचेही असेच आहे. तीन लाखांच्या पॉलिसीत रोजचे भाडे एक टक्का, म्हणजे ३,००० रुपये ठरलेले असेल आणि रुग्ण ६,००० च्या खोलीत राहिला, तर फक्त भाड्यातलाच फरक कापला जात नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचे शुल्क असे खोलीच्या वर्गाशी जोडलेले खर्चही त्याच प्रमाणात निम्मे होतात. ही अट काढून घेण्यासाठी जादा पैसे मोजावे लागले, तरी ते कारणी लागतात.

रोजचा रुग्णालय भत्ता, गंभीर आजारांची एकरकमी पॉलिसी, अपघात विमा या बाकीच्या गोष्टींना दुसरा क्रमांक द्यावा. त्या विकण्याआधी कर्मचाऱ्याकडे आधीच काय आहे ते त्याला सांगावे. भविष्य निर्वाह निधीच्या सभासदाला ईडीएलआय योजनेतून मृत्यूनंतर सात लाख रुपयांपर्यंतचे विमासंरक्षण असते आणि त्यासाठी त्याच्या पगारातून काही कापले जात नाही. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा बँकेच्या खात्यावरच मिळतो. सत्तरी ओलांडलेल्या आईवडिलांना २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान भारतमधून पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात.

स्वस्ताईचा हिशेबही आता नव्याने मांडावा लागेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, समूह विम्यावरचा मात्र राहिला. त्यामुळे अठ्ठावीस वर्षांच्या निरोगी कर्मचाऱ्याने स्वतःसाठी जादा संरक्षण बाहेर वैयक्तिक पॉलिसीत घेणे कदाचित अधिक शहाणपणाचे ठरेल, तर त्याच्या बासष्ट वर्षांच्या मधुमेही आईसाठी कंपनीची यादीच बरी. आईवडिलांच्या हप्त्यावरची प्राप्तिकराची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, हेही सांगून टाकावे.

हे सगळे सांगायचे कोणी? आज बहुतेक ठिकाणी एचआरचा एक इंग्रजी मेल येतो, त्यात ब्रोकरच्या पोर्टलची लिंक असते आणि नोंदणीसाठी पंधरा दिवस. शॉपफ्लोअरवरच्या ज्या माणसाला कंपनीचा मेल आयडीच नाही, त्याच्यापर्यंत तो पोहोचत नाही. पोहोचला तरी ‘को-पे’, ‘डिडक्टिबल’ हे शब्द त्याला कोणी उलगडून सांगितलेले नसतात. एका कागदावर मराठीत आणि हिंदीत, वर दिलेल्या अडीच-अडीच लाखांच्या उदाहरणासारखी दोन उदाहरणे घालून माहिती द्यावी. शिफ्ट सुटताना कँटीनमध्ये ब्रोकरच्या माणसाला तासभर बसवावे. यात खर्च जवळजवळ नाही.

पगारातून पैसे कापायचे ठरले की जबाबदारीही येते. आयुर्विमा महामंडळाच्या पगार बचत योजनेत मालक हप्ता कापून महामंडळाकडे पाठवतो. दिल्लीच्या वीजपुरवठा उपक्रमातील एका कर्मचाऱ्याचे हप्ते महामंडळापर्यंत पोहोचलेच नाहीत आणि त्याच्या मृत्यूनंतर कुटुंबाला विम्याची रक्कम नाकारली गेली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. या योजनेत हप्ता गोळा करणारा मालक हा महामंडळाचाच प्रतिनिधी ठरतो, म्हणून रक्कम महामंडळाने द्यावी, असा निकाल १९९९ मध्ये लागला. निकाल कुटुंबाच्या बाजूने लागला, पण त्यासाठी विधवेला न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. समूह विम्याची मूळ पॉलिसी कंपनीच्या नावावर असते, कर्मचाऱ्याच्या हातात फक्त ई-कार्ड येते. म्हणून हप्ता कापल्यावर तो जमा झाल्याची आणि आईवडिलांची नावे-जन्मतारखा बरोबर नोंदल्याची लेखी पोच महिनाभरात मिळायला हवी. आधार कार्डावरची जन्मतारीख आणि यादीतली जन्मतारीख जुळत नाही, एवढ्यावर कॅशलेस मंजुरी अडून राहू शकते.

नोकरी सुटण्याचा प्रश्न राहतोच. शेवटच्या दिवशी मूळ पॉलिसी आणि तिच्यावरचे पूरक संरक्षण, दोन्हींतून नाव निघते. विमा नियामकाच्या नियमांनुसार समूह पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा हक्क आहे आणि आधी काढलेल्या वर्षांचे श्रेय प्रतीक्षाकाळात धरले जाते. हप्ता वैयक्तिक दराने बसतो, विमा कंपनी प्रकृतीची चौकशी करते, पण दार बंद नसते. नोकरी सोडताना भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, ओळखपत्र परत केल्याची सही अशा नोंदींचा एक फॉर्म भरून घेतला जातो. त्याच फॉर्मवर विमा हस्तांतराची एक ओळ घालावी: अर्ज कुठे करायचा, कोणत्या तारखेपर्यंत, आणि आईवडिलांसाठीही करता येतो का.